दादरचं ‘पोर्तुगीज चर्च’ आणि देवळाच्या सोंगाची अफवा

गेले काही आठवडे ‘दादरच्या पोर्तुगीज चर्चचं लपवलेलं सत्य’ या नावाचा एक मेसेज फिरतोय. लाल बाणांचे मुद्दे, मध्ये एक फोटो आणि शेवटी ‘प्रत्येक घरात पोहोचवा’. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगते. दादरला गोखले रोडच्या नाक्यावर दिसणारी इमारत पोर्तुगीजांनी १५९६ साली बांधली. पुढे चार्ल्स कोरिया नावाच्या ‘पोर्तुगीज आर्किटेक्ट’कडून तिचं रूप बदलून घेतलं. कारण १९६५ साली व्हॅटिकनने गुप्त आदेश काढला होता की भारतातली चर्चं देवळांसारखी बांधा, म्हणजे भोळी माणसं फसून आत येतील. छपरावरची ‘शिखरं’ आणि आतलं अंगण हा त्याचा पुरावा. एम. एफ. हुसेन यांना कामाला घेतलं, तेव्हा कट सिद्धच झाला. काँक्रीट वापरलं, कारण युद्धानंतर युरोपात श्रद्धा आणि पैसा दोन्ही आटले. आणि इमारत इतकी अशास्त्रीय आहे की आत बसवत नाही.

असे मेसेज रोज येतात आणि मी ते पुसून टाकते. हा पुसून भागलं नाही. माझी भाची आठवीत आहे. तिच्या वर्गातल्या मुलामुलींच्या ग्रुपवर तो आला आणि खाली एकाने तिचं नाव घेऊन विचारलं, ‘तुम्ही लोक देवळासारखं चर्च बांधून फसवता ना?’ तिने मला फोन केला. ‘आत्या, हे खरं आहे का?’ तिचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. आम्ही मूळचे वसईचे. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मराठीत होते, प्रार्थना मराठीत होतात, मयताला गाणीही मराठीतच म्हणतात. तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शहरात, स्वतःच्या भाषेत, आपण कुणाला फसवत नाही हे सिद्ध करावं लागत असेल, तर उत्तर मोठ्यांनीच द्यायला हवं. ते देते आहे.

सोपे मुद्दे आधी संपवते.

१५९६ हे साल बरोबर आहे, पण ते इमारतीचं साल नाही. त्या वर्षी फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी इथे चर्च स्थापन केलं, हे खरं. अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, म्हणजे तारणमातेचं चर्च. धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चशी जोडलेला ख्रिस्ती समाज, जुना आहे, भिंती जुन्या नाहीत. आज आपण पाहतो ती वास्तू १९७४ ते १९७७ या काळात उभी राहिली. सातबारा जुना आहे म्हणून त्यावरचं घरही जुनं, असं कुणी मानत नाही.

आणि ‘पोर्तुगीज’ हा शब्द किती दिवस पुरवायचा? १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, १६६५ साली ताबा गेला, १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. पोर्तुगीज राज्य इथून साडेतीनशे वर्षांपूर्वी उठलं. मागे राहिलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनाही इंग्रजांनी १७२० साली मुंबईबाहेर काढलं, कारण त्यांची निष्ठा पोर्तुगालशी आहे असा संशय होता. त्यांच्या जागी कार्मेलाइट संघाचे लोक आणले. त्यानंतर गोव्याच्या पोर्तुगीज आश्रयाखालच्या यंत्रणेत आणि थेट रोमने नेमलेल्या यंत्रणेत मुंबईच्या चर्चांवरून दीडशे वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं. कोणत्या चर्चवर कुणाचा हक्क, यावरून कॅथलिक लोक आपसांत हमरीतुमरीवर आले होते. सगळी चर्चं म्हणजे पोर्तुगालचा एकसंध तळ, असं चित्र रंगवणाऱ्यांनी हा एवढा इतिहास तरी चाळायला हवा होता. बसच्या पाटीवर ‘पोर्तुगीज चर्च’ लिहिलंय, कारण लोकांच्या तोंडी ते नाव बसलं. त्यापलीकडे त्या नावात काही नाही.

कोरिया पोर्तुगीज नव्हते. १९३० साली सिकंदराबादला गोवेकर कुटुंबात जन्म, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी, आणि परत येऊन जन्मभर मुंबईत काम. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय त्यांचं. पेडर रोडजवळची कांचनजंगा इमारत त्यांची. नवी मुंबईच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा. १९७२ साली पद्मश्री, २००६ साली पद्मविभूषण. या माणसाला परका ठरवायला फक्त त्याचं नाव पुरलं. माझ्या भाचीचं नावही तसंच आहे. म्हणून हा मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. बाकीचं सगळं त्याच्या भोवती रचलं आहे. ‘व्हॅटिकनचा गुप्त आदेश’.

गुप्त असं काही नाही. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात चालली, जगभरचे बिशप तिथे बसले, वर्तमानपत्रांनी तिच्या रोजच्या बातम्या दिल्या. तिचा उपासनाविधीवरचा जाहीरनामा ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झाला. लॅटिनमध्ये त्याला ‘साक्रोसांक्टुम कोन्सिलियुम’ म्हणतात. कुणालाही आज तो फोनवर उघडून वाचता येतो. त्याचं १२३ वं कलम काढा. तिथे म्हटलंय की चर्चने कोणतीही एक कलाशैली खास आपली म्हणून कधी स्वीकारलेली नाही. लोकांचा स्वभाव, त्यांची परिस्थिती आणि उपासनेची गरज पाहून प्रत्येक काळाच्या शैलीला तिने जागा दिली आहे. आपल्या काळातली कला, प्रत्येक वंशाची आणि प्रदेशाची कला, तिलाही चर्चमध्ये मोकळा वाव असावा, फक्त तिने पवित्र वास्तूचा आणि विधींचा मान राखावा. पुढचं १२४ वं कलम सांगतं की नवी चर्चं बांधताना दोन गोष्टी बघा: विधी नीट पार पडावेत आणि लोकांना त्यात सक्रिय सहभाग घेता यावा.

एवढंच. देवळासारखं बांधा असं नाही, मशिदीसारखं बांधा असं नाही, कुणाला फसवा असं तर नाहीच. या दोन कलमांनी जगभरच्या चर्चांचा आराखडा बदलला. त्याचं कारण साधं आहे. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. लांबट दालनाच्या टोकाला भिंतीला लागून वेदी, आणि धर्मगुरूची पाठ लोकांकडे. रोमच्या २६ सप्टेंबर १९६४ च्या सूचनापत्राने सांगितलं की मुख्य वेदी शक्यतो भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून विधी करता येईल. भाषा लोकांची झाली. मग लांब बोगद्यासारखं दालन कशाला हवं? लोक वेदीच्या जवळ यायला हवेत. लिव्हरपूलचं कॅथेड्रल १९६७ साली गोल बांधलं गेलं ते याच विचाराने. तिथल्या गोलाकारात कुणाला देऊळ दिसलं नाही.

आता एक गोष्ट मान्य करते, कारण ती खरी आहे आणि मी लपवली तर मेसेजवाले तीच पुढे करतील. परिषदेनंतर भारतातल्या चर्चमध्ये देशीकरणाची चळवळ झाली. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली. त्यात मांडी घालून बसणं, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, आरती, समई अशा गोष्टी आहेत. काही धर्मगुरूंनी उत्साहाच्या भरात त्याहून पुढची पावलं टाकली, आणि ती सगळीच मला रुचत नाहीत. पण हे बारा मुद्दे छापून सगळ्यांना कळवले गेले, आणि त्यांना सर्वांत कडाडून विरोध केला तो कॅथलिक लोकांनीच. मुंबईत, गोव्यात, मंगळूरला. ‘आमची मिस्सा का बदलता?’ असं विचारणारे आमचेच आजी-आजोबा होते. ज्याला कट म्हणतात, त्याच्यावर भर चर्चमध्ये चार तास वाद होत नसतो.

आणि हे फक्त १९६९ साली सुरू झालं, असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठीत, ओवी छंदात. मराठी बोलणाऱ्या माणसाला देवाची गोष्ट मराठी ओवीत सांगणं हे सोंग कसं होईल? आमच्या घरात जी भाषा बोलतात त्याच भाषेत आम्ही प्रार्थना करतो. दुसरी आणायची कुठून?

पोप सहावे पॉल १९६४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत आले होते, ओव्हल मैदानावरच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली आणि भारताच्या आध्यात्मिक परंपरेबद्दल आदर व्यक्त केला. मंचावरून, जगभरच्या पत्रकारांसमोर. भारताकडे पाहण्याची भूमिका जर इतकी उघड मांडली जात होती, तर ‘गुप्त आदेश’ कुठे आणि कशासाठी काढायचा?

आता शिखरं. मेसेजमधला फोटो वरच्या भागापुरता कापलेला आहे. खालची अंगणं, भिंती, बाकं, वेदी, सगळं गाळून फक्त काँक्रीटची उंच निमुळती कवचं ठेवली, आणि वर लिहिलं ‘ओळखा पाहू कोणतं मंदिर’. 

शिखर म्हणजे काय, हे आधी बघा. शिखर गर्भगृहावर असतं. गर्भगृहात देव असतो, भक्त बाहेर मंडपात उभे असतात. गर्भगृह अंधारं असतं, कारण अंधार हा त्या रचनेचाच भाग आहे. शिखरातून उजेड खाली सोडत नाहीत. दादरला नेमकं उलटं आहे. इथे कवचाखाली लोक बसतात आणि कवचाच्या माथ्यातून उजेड खाली येतो. ही कल्पना ख्रिस्ती परंपरेत नवी नाही. रोममधल्या पँथिऑनच्या घुमटाला माथ्यावर मोठं भोक आहे, आणि ती वास्तू सातव्या शतकापासून चर्च म्हणून वापरात आहे.

मग ही निमुळती कवचं कोरियांना सुचली कुठून? त्यासाठी दादरपर्यंत यायचीही गरज नाही. १९६१ साली दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी हिंदुस्थान लिव्हरसाठी एक मंडप उभारला. सुरकुतलेल्या कागदासारख्या दुमडलेल्या काँक्रीटचा तो मंडप होता आणि त्याच्या छपरावर तोफांच्या नळ्यांसारखी उंच तोंडं होती. काम एकच: आतली गरम हवा वर खेचून बाहेर टाकणं. त्याच सुमारास गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेत त्यांच्या ‘ट्यूब हाउस’ला पहिलं बक्षीस मिळालं. अहमदाबादमधलं कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठीचं अरुंद घर. त्याचं छप्पर असं उतरतं की गरम हवा उतारावरून वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. साबणाच्या कंपनीचा मंडप, गरीब कुटुंबाचं घर आणि नंतर चर्च. तिन्ही ठिकाणी एकच विचार. मंडपात आणि घरात कुणाला फसवून कोणत्या धर्मात न्यायचं होतं, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावं.

अंगणाबद्दलचा आरोप तर अज्ञानातून आलेला आहे. ‘चर्चमध्ये अंगण कधी असतं का?’ असतं. आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या चर्चवास्तूंपैकी एक सीरियात दुरा-युरोपोस इथे उत्खननात मिळाली. तिसऱ्या शतकातली. ते मध्ये अंगण असलेलं साधं राहतं घर होतं, आणि त्यातली एक वेगळी खोली बाप्तिस्म्यासाठी होती. उंच टोकदार कमानींची गॉथिक चर्चं त्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी आली. येशू पश्चिम आशियातला. त्याच्या अनुयायांनी आधी अंगणाच्या घरांतच भाकर मोडली. थंड, ओल्या उत्तर युरोपात सगळं एका बंद पेटीत कोंबावं लागलं, आणि आपण त्या पेटीलाच ‘खरं चर्च’ समजू लागलो. दादरला कोरियांनी ती पेटी मोडली. ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, त्याचं लोकांमधलं कार्य आणि त्याचं बलिदान, या टप्प्यांना धरून त्यांनी जागा आखल्या, काही छपराखाली, काही आभाळाखाली, एकमेकींत गुंफलेल्या. मेसेजवाल्यांना त्यात देऊळ दिसलं, कारण त्यांना तेवढंच बघायचं होतं.

इथेही अर्धं सत्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. कोरिया दक्षिणेतल्या देवळांकडून शिकले. श्रीरंगमसारख्या ठिकाणी उघड्या आभाळाखालून चालत चालत देवापर्यंत जाण्याचा जो अनुभव आहे, त्याबद्दल त्यांनी लिहिलं आहे, बोलले आहेत. भारतात काम करणारा वास्तुरचनाकार भारतातल्या वास्तूंकडून शिकणार नाही तर कुठून शिकणार? शिकणं आणि सोंग घेणं यांत फरक आहे, आणि हा फरक महाराष्ट्र-गोव्याच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये.

कारण गोव्याची देवळं बघा. पोर्तुगीजांनी १५४० च्या सुमारास तिसवाडीत देवळं पाडली. हे घडलं, ते अन्यायाचं होतं, आणि ख्रिस्ती म्हणून मला ते बोलायला अडचण नाही. श्रीमंगेश कुशस्थळीहून १५६० साली प्रियोळला हलवावा लागला. आणि पुढे अठराव्या शतकात, जेव्हा ही देवळं मोठ्या प्रमाणात बांधली गेली, तेव्हा त्यांच्यावर अष्टकोनी कंठावरचे, म्हणजे आठ बाजूंच्या उभ्या भिंतीवर बसवलेले, घुमट आले, भिंतीत बसवलेले युरोपी पद्धतीचे खांब आले, कमानीच्या खिडक्या आल्या. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने झालेलं. तिथे उभं राहून घुमटाकडे बघा. गोव्यातल्या चर्चांचं काम करणाऱ्या कारागिरांचा हात त्यात स्पष्ट दिसतो. ज्या देवाला चर्चवाल्यांपासून पळावं लागलं, त्याच्या भक्तांनी चर्चच्या कारागिरीतलं चांगलं ते घेतलं, आणि देऊळ देऊळच राहिलं. शांतादुर्गेच्या देवळाला ‘चर्चचं सोंग’ म्हणायची कुणाची हिंमत होईल? आणि कुणी म्हटलं तर मला सगळ्यांत आधी राग येईल.

चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली. वसईच्या चर्चांच्या घंटा महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची, मेणवलीची. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. आमच्या गावच्या घंटा त्या. लढाईत गेल्या आणि देवळांत लागल्या. पावणेतीनशेहून अधिक वर्षं तिथे वाजताहेत आणि त्यांच्या आवाजाने कुणाची पूजा बाटली नाही. रूपं, वस्तू, कारागीर, शब्द या प्रदेशात असेच इकडून तिकडे गेले, कधी जबरदस्तीने, कधी आवडीने. यातला एकच प्रवास निवडायचा, त्याला फसवणूक म्हणायचं आणि एका शाळकरी मुलीला त्याचा जाब विचारायचा, याला इतिहास म्हणत नाहीत.

उरलेले मुद्दे भराभर.

‘काँक्रीट म्हणजे श्रद्धा आणि पैसा आटल्याची खूण.’ पॅरिसजवळच्या ल रँसीचं काँक्रीटचं चर्च ओग्युस्त पेरे यांनी १९२२-२३ साली बांधलं. दुसरं महायुद्ध अजून सोळा वर्षं लांब होतं, व्हॅटिकन परिषद चाळीस. युद्धानंतर काँक्रीटची चर्चं वाढली हे खरं, कारण शहरंच्या शहरं बॉम्बखाली गेली होती आणि पुन्हा बांधायची होती. टोकियोचं सेंट मेरी कॅथेड्रल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळालं. त्या जागी केंझो तांगे यांनी १९६४ साली काँक्रीटच्या वक्र भिंतींचं नवं उभारलं. मेक्सिको सिटीत फेलिक्स कांदेला यांनी त्याआधीच, पन्नासच्या दशकात, पातळ काँक्रीटच्या कवचांचं धर्मग्रामाचं चर्च बांधलं होतं. इतकं पातळ कवच ओतायला अचूक हिशेब आणि कसलेले सुतार लागतात, कारण सगळा आकार आधी लाकडात उभा करावा लागतो. स्वस्तातलं काम हवं असेल तर माणूस सरळ चौकोनी खोका बांधतो. आणि आपल्याकडे त्याच वर्षांत, १९७० च्या आसपास, लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला लोयोला चॅपल विटांत बांधलं, जाळीच्या भिंतींचं. काँक्रीट हा काही कुणाच्या धर्माचा हुकूम नव्हता. ज्याला जे साधलं, ज्या जागेला जे मानवलं, ते त्याने वापरलं.

‘हुसेन यांनी चित्रं काढली.’ हो, माथ्यावरच्या काचेवर त्यांचं काम आहे. सत्तरच्या दशकात मुंबईत वास्तुरचनाकार आणि चित्रकार एकमेकांना ओळखत होते, एकत्र कामं करत होते. एका मुसलमान चित्रकाराने एका गोवेकर ख्रिस्ती वास्तुरचनाकाराच्या इमारतीत, मराठी वस्तीतल्या धर्मग्रामासाठी काम केलं. मला यात अभिमान वाटण्यासारखं खूप काही दिसतं आणि लपवण्यासारखं काही दिसत नाही.

‘आत बसवत नाही.’ या मुद्द्यावर मेसेजला थोडं द्यावं लागेल. मी बांधकामाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे इथे उगाच बाजू घेणार नाही. तत्त्व धुराड्याचं आहे: गरम हवा हलकी होते, वर चढते, माथ्यातून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला सावलीतल्या अंगणातली तुलनेने थंड हवा खालून आत येते. ही ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते, उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक. कोरड्या दिल्लीत किंवा अहमदाबादला तो फरक चांगला मिळतो. मुंबईत मे महिन्यात दुपारी सगळीकडेच सारखा उकाडा असतो, हवा पडलेली असते आणि गर्दी दाटलेली असते, तेव्हा पंखे लागतातच. पण दमट हवेत अंगाला वारा लागणं हाच मोठा दिलासा असतो, आणि त्यासाठी चहूबाजूंनी उघडता येणारी, अंगणांना लागून असलेली रचना बंद दालनापेक्षा कितीतरी बरी. काँक्रीटची दुसरी तक्रारही खरी आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर फोडते. उघडं काँक्रीट मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात काळवंडतं. त्याची देखभाल महागडी आणि न संपणारी असते. वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंत त्या काळातल्या बहुतेक इमारतींचं हेच दुखणं आहे. यावरून त्या पिढीच्या वास्तुरचनाकारांना नावं ठेवायची असतील तर जरूर ठेवा. तो तांत्रिक वाद आहे आणि त्यात मी तुमच्याबरोबर अर्धी वाट चालेन.

मेसेजमध्ये एक मुद्दा नाही आणि तो असायला हवा होता, कारण खरी टीका तिथे आहे. नवं बांधताना जुनी वास्तू गेली. लोकांची लग्नं, बाप्तिस्मे, मयतं जिथे झाली त्या भिंती गेल्या. १९७४ साली मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमच नव्हते. ते १९९५ साली आले. माहीमच्या सेंट मायकलची आजची इमारतही १९७३ ची. १९५१ ते १९७१ या वीस वर्षांत बृहन्मुंबईची वस्ती तीस लाखांवरून साठ लाखांवर गेली होती, जुनी चर्चं अपुरी पडत होती, आणि नव्याचा उत्साह असा होता की जुनं राखून नवं कसं करावं याचा विचार फार थोड्यांनी केला. आज तसा निर्णय झाला तर मी स्वतः त्याच्या विरोधात सही करेन. जुन्या दादरच्या लोकांच्या मनात ही हळहळ आहे आणि ती रास्त आहे.

भाचीला मी १२३ व्या कलमाचा मराठी मजकूर लिहून पाठवला आहे, आणि लिव्हरच्या मंडपाचा फोटो. तिने ते ग्रुपवर टाकायचे की नाही हे तिच्यावर सोडलंय. ज्यांनी मोठेपणी, विचार करून, हा मेसेज पुढे पाठवला, त्यांनी मात्र तो पुसावा आणि ज्या ग्रुपवर टाकला तिथेच तसं सांगावं. चर्च गोखले रोडच्या नाक्यावरच आहे. आत येऊन वर बघायला कुणाचीही हरकत नसते.